साडेचार डॉलरचे रिव्हॉल्व्हर

मराठीतला 'काडतूस' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, हे आपल्या गोमंतकीय वाचकांना वेगळे सांगायला नको. 'पिस्तूल'चेही मूळ तिकडेच दाखवतात. शब्द आपल्या घरात कधीचे रुळले, वस्तू मात्र सामान्य माणसाच्या घरात फारशी आली नाही. स्वसंरक्षणासाठी एखादे भरवशाचे आणि परवडणारे हत्यार असावे, हा विचार आपल्याकडे हल्ली हल्ली बोलला जातो. अमेरिकेत मात्र याच दोन शब्दांभोवती, 'भरवशाचे' आणि 'परवडणारे', पावणेदोनशे वर्षांचा इतिहास घडला आहे. तो वाचताना माझ्या लक्षात आले ते असे की, हे दोन शब्द एकत्र क्वचितच नांदले. आणि किंमत किती असावी हे ठरवताना, स्वतःचे रक्षण करण्याची मुभा कोणाला द्यायची हेही ठरत गेले.

सॅम्युअल कोल्टला रिव्हॉल्व्हरचे अमेरिकन पेटंट 1836 साली मिळाले. त्याचा पहिला कारखाना काही वर्षांतच बुडाला. पुढे यंत्रावर एकसारखे भाग तयार करून जोडण्याची पद्धत त्याने बसवली आणि धंदा उभा राहिला. तरी कोल्टचे रिव्हॉल्व्हर गरिबाच्या आवाक्यातले नव्हते. 1857 मध्ये स्मिथ अँड वेसन कंपनीने धातूच्या काडतुसाचे छोटे रिव्हॉल्व्हर काढले. त्यामागचे पेटंट 1869 मध्ये संपले आणि मग काय, गल्लोगल्ली कारखाने निघाले! बिडाच्या, हलक्या लोखंडाच्या रिव्हॉल्व्हरांनी बाजार भरून गेला. पुढे संग्राहकांनी या मालाला 'सुइसाइड स्पेशल' असे नाव ठेवले. मालाची लायकी नावातच आली.

या स्वस्त मालाची खोड काय होती? जुन्या रिव्हॉल्व्हरचा घोडा थेट काडतुसाच्या बुडावर टेकलेला असे. हातातून पडले किंवा घोड्यावर काही आपटले, की गोळी सुटायची. म्हणून जाणती माणसे एक घर रिकामे ठेवून घोडा त्यावर टेकवत. मॅसॅच्युसेट्समधल्या आयव्हर जॉन्सन कंपनीने यावर तोड काढली. घोडा आणि सुई यांच्यामध्ये एक पट्टी बसवली. चाप ओढला तरच ती पट्टी वर येणार आणि घोड्याचा ठोका सुईपर्यंत पोचणार. 'खुशाल घोड्यावर हातोडी मारा' अशी त्यांची जाहिरात होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या त्यांच्या एका जाहिरातीत तर लहान मुलगी बिछान्यात रिव्हॉल्व्हर घेऊन बसलेली दाखवली आहे! आज ते चित्र पाहून अंगावर काटा येतो. पण तांत्रिकदृष्ट्या कंपनी खोटे बोलत नव्हती. स्वस्त आणि भरवशाचे, दोन्ही एकदाचे जमले होते.

आणि तेच जमलेले हत्यार 6 सप्टेंबर 1901 रोजी बफेलो शहरात राष्ट्राध्यक्ष विल्यम मॅकिन्ली यांच्यावर चालले. लिऑन चॉल्गोश याने ते त्याच शहरात, काही दिवस आधी, साडेचार डॉलरला विकत घेतले होते. हातरुमालाखाली लपवले आणि दोन गोळ्या झाडल्या. हत्याराने दगा दिला नाही. भरवसा हा गुण हत्याराचा असतो, हत्यार धरणाऱ्याचा नव्हे, एवढाच धडा यातून घ्यायचा.

आता किमतीचे राजकारण पाहू. यादवी युद्धानंतर अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामगिरीतून सुटलेले काळे लोक नागरिक झाले. 1879 मध्ये टेनेसी राज्याने कायदा केला की, सैन्यात किंवा नौदलात वापरतात त्या नमुन्याची पिस्तुले सोडून बाकीची विकता येणार नाहीत. वरवर पाहता नियम सर्वांना सारखा. पण ती सैनिकी पिस्तुले महाग. ज्यांच्याकडे ती युद्धापासूनच होती ते बहुतेक गोरे माजी सैनिक. म्हणजे कायद्यात रंगाचा उल्लेख नाही, पण काम किमतीने केले, असे काही इतिहासकार म्हणतात.

आणि याच्या एकच वर्ष आधी, 1878 मध्ये, लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत ब्रिटिश हिंदुस्थानात शस्त्र कायदा आला. इथे तर आडपडदाही नव्हता. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, युरोपियनांना सूट. चोर्ला घाट चढून बेळगावला गेले की हा कायदा लागू, घाटाखाली पोर्तुगीज राज्य. काँग्रेसने पुढे या कायद्याविरुद्ध वर्षानुवर्षे ठराव केले. शस्त्रापेक्षा अपमान जास्त बोचत होता.

अमेरिकेत 1968 साली पुन्हा तोच प्रश्न आला. त्या वर्षी जूनमध्ये रॉबर्ट केनेडींची हत्या झाली, तीही आयव्हर जॉन्सनच्याच एका स्वस्त रिव्हॉल्व्हरने. ऑक्टोबरमध्ये कायदा झाला आणि खेळासाठी योग्य नसलेल्या छोट्या, स्वस्त पिस्तुलांची आयात बंद झाली. देशातल्या उत्पादनावर मात्र बंदी नव्हती. झाले! लॉस एंजेलिसच्या आसपास कारखाने निघाले आणि जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव पिस्तुले बाजारात आली. काही राज्यांनी तर धातू किती तापमानाला वितळतो यावर बंदी घातली. पिस्तुलाची लायकी भट्टीवर ठरवण्याचा हा प्रकार जरा गमतीचाच.

पण त्याची दुसरी बाजू गमतीची नाही. 1994 मध्ये कॅलिफोर्नियात अशाच एका स्वस्त पिस्तुलाची गोळी सात वर्षांच्या मुलाला लागली आणि तो कायमचा पंगू झाला. एक मोठा माणूस ते पिस्तूल रिकामे करायला गेला होता. रचनाच अशी की, रिकामे करायचे तर आधी सुरक्षेचा खटका काढावा लागे. 2003 मध्ये ज्यूरीने कंपनीलाही जबाबदार धरले आणि कंपनी दिवाळखोरीत गेली. मधल्या काळात, 1999 मध्ये, कॅलिफोर्नियाने कायदा करून 'भरवसा' या शब्दाला मोजमाप लावले. एक मीटर उंचीवरून काँक्रीटवर टाकले तर गोळी सुटता कामा नये. सहाशे गोळ्या झाडताना सहापेक्षा जास्त वेळा अडता कामा नये, आणि पहिल्या वीस गोळ्यांत एकदाही नाही. किमतीवर बोट न ठेवता गुणावर बोट ठेवणारा हा नियम मला टेनेसीच्या कायद्यापेक्षा प्रामाणिक वाटतो.

आपल्याकडे काय? 1878 चा कायदा जाऊन 1959 चा शस्त्र कायदा आला, तो 1 ऑक्टोबर 1962 पासून अमलात आला. सैन्य-पोलिसांच्या मापाची पिस्तुले सामान्यांना वर्ज्य, त्यामुळे परवानाधारकाची धाव मुख्यतः .32 पर्यंत. 1980 च्या दशकाच्या मध्यापासून खासगी आयातही बंद झाली. मग उरले सरकारी कारखान्याचे रिव्हॉल्व्हर. डिसेंबर 2012 मधल्या दिल्लीच्या भीषण घटनेनंतर, जानेवारी 2014 मध्ये कानपूरच्या कारखान्याने स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' हे अर्धा किलो वजनाचे रिव्हॉल्व्हर आणले. किंमत 1,22,360 रुपये! देशाच्या तेव्हाच्या दरडोई वार्षिक उत्पन्नापेक्षा जास्त. रात्रपाळी संपवून शेवटच्या बसने घरी जाणारी मुलगी हे घेणार कशी, असे कोणी विचारले तर उत्तर नव्हते. आधी परवाना, मग पैसे. दोन्ही जमणाऱ्या घरातली बाई बहुधा गाडीतून फिरते.

तर मग स्वस्त करावे काय? मला तसे वाटत नाही. घरात बंदूक असल्याने घर सुरक्षित होते की उलट, यावर 1993 मध्ये अमेरिकेत एक गाजलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या घरांत बंदूक होती तिथे खुनाचा धोका जास्त आढळला, आणि मारेकरी पुष्कळदा घरचा किंवा ओळखीचाच होता. त्या अभ्यासावर वादही खूप झाले. पण साडेचार डॉलरचा इतिहास पाहिला तर हत्यार स्वस्त होताना ते भित्र्याला जेवढे मिळते तेवढेच माथेफिरूला मिळते, हे नाकारता येत नाही. आपल्या 2016 च्या नियमांनी परवान्यासाठी हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाची अट घातली, ती म्हणूनच योग्य वाटते.

मात्र ज्याला सव्वा लाख परवडत नाहीत त्याच्या भीतीची किंमत काही कमी नसते. त्याच्यासाठी रस्त्यावरचा दिवा, वेळेवर येणारी बस आणि तक्रार लिहून घेणारे पोलीस ठाणे, हीच परवडणारी हत्यारे. ती भरवशाची आहेत का, एवढेच काय ते तपासायचे.