वाऱ्याचे चाक की विजेची मोटर? सोफा, जिना आणि फिरत्या ब्रशचा इतिहास

१/ साल २००३. नंदुरबार जिल्ह्याच्या धडगाव तालुक्यातील बिलगाव. सातपुड्यातल्या धबधब्याचे पाणी एका चाकावर सोडण्यात आले. चाक फिरले, त्याला जोडलेले जनित्र फिरले आणि सुमारे १५ किलोवॅट वीज निर्माण होऊन आसपासच्या पाड्यांवर दिवे लागले. आदिवासी गावकऱ्यांच्या श्रमदानातून हे छोटे जलविद्युत केंद्र उभे राहिले होते.

२/ बिलगावच्या चाकामागचे तत्त्व सोपे आहे. वाहत्या प्रवाहाकडून थोडा जोर उसना घ्यायचा आणि त्यावर काम करून घ्यायचे. हेच तत्त्व तळहाताएवढ्या आकारात व्हॅक्यूम क्लीनरच्या एका जोडणीत दडलेले आहे. सोफा आणि जिने साफ करणारा, हवेच्या झोतावर फिरणारा ब्रश म्हणजे ती जोडणी. तिचा प्रतिस्पर्धी म्हणजे स्वतःची वेगळी मोटर असलेला ब्रश. या दोघांच्या चढाओढीची मुळे विसाव्या शतकाच्या आरंभात सापडतात.

३/ १९०१. लंडनच्या एम्पायर म्युझिक हॉलमध्ये एका यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. ते यंत्र हवा फुंकून धूळ उडवत असे. प्रेक्षकांत ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाचा अभियंता होता. उडालेली धूळ पुन्हा खालीच बसते, हे त्याच्या ध्यानी आले. मग हवा फुंकण्याऐवजी ओढून का घेऊ नये? त्याने उपाहारगृहातील गादीच्या खुर्चीवर हातरुमाल अंथरला, त्यावर ओठ टेकवले आणि श्वास आत खेचला. रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा काळा ठसा उमटला.

४/ म्हणजे शोषणाचा पहिला प्रयोग जमिनीवर झालाच नाही, तो खुर्चीच्या गादीवर झाला. त्याच वर्षी बूथने पेटंट घेतले. त्याचे यंत्र घोडागाडीवरून येई, रस्त्यात उभे राही आणि लांबलचक नळ्या खिडक्यांतून घरात शिरत. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतील गालिचे या यंत्राने स्वच्छ केले. ही सेवा परवडणारा वर्ग अर्थातच मोजका होता.

५/ दुसरा प्रवाह अमेरिकेतून आला. ओहायो राज्यातील कँटन शहरात जेम्स मरे स्पँग्लर हा एका दुकानात साफसफाईचे काम करी. त्याला दम्याचा विकार होता आणि झाडताना उडणारी धूळ त्याच्या जिवावर उठली होती. पंख्याची मोटर, लाकडी दांडा आणि उशीचा अभ्रा यांची जुळवाजुळव करून त्याने १९०७ मध्ये यंत्र बनवले. १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळाले.

६/ स्पँग्लरच्या यंत्राचे वैशिष्ट्य असे की, एकच मोटर हवाही ओढी आणि पुढचा ब्रशही फिरवी. नुसत्या शोषणाने सुटी धूळ निघते; लोकरीत रुतलेले कण आणि केस सुटे करायला घासावे लागते, हे झाडूवाल्याला अनुभवाने ठाऊक होते. चामड्याच्या सामानाचा व्यापारी विल्यम हूव्हर याने त्याच वर्षी त्याचे हक्क घेतले. पुढे हे यंत्र हूव्हरच्याच नावाने जगभर गेले. स्पँग्लरचे नाव मागे पडले.

७/ मात्र दांड्याचे हे उभे यंत्र सपाट गालिच्यासाठी घडलेले होते. जिन्याच्या अरुंद पायरीवर ते टेकत नसे, सोफ्यावर चढत नसे. १९२१ मध्ये स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स कंपनीने आडवे, घसरपट्ट्यांवर सरकणारे यंत्र आणले. वजन जमिनीवर राहिले आणि हातात फक्त हलकी नळी आली. जिना आणि सोफा आवाक्यात आले. फिरता ब्रश मात्र गमावला, कारण मोटर नळीच्या दुसऱ्या टोकाला राहिली होती.

८/ नळीच्या टोकाशी जोर पोहोचवायचा कसा? या प्रश्नाला दोन उत्तरे मिळाली.

पहिले उत्तर हवेचे. आत ओढली जाणारी हवा वाटेत एका पात्यांच्या चाकावर आदळते, चाक फिरते आणि ते पट्ट्याने किंवा दातेरी चाकांनी ब्रश फिरवते. वेगळी तार नाही, वेगळी मोटर नाही. जोडणी हलकी आणि स्वस्त.

९/ परंतु उसन्या जोराची किंमत मोजावी लागते. ब्रश फिरवण्यात हवेची काही शक्ती खर्च होते आणि धूळ ओढायला तेवढी कमी उरते. पिशवी भरली, गाळणी चोंदली की झोत मंदावतो आणि ब्रशही मंदावतो. जाड गालिच्यावर दाबून धरला तर तो थांबतोही. प्रवाह आटला की चाक थांबणारच.

१०/ दुसरे उत्तर विजेचे. नळीतून तारा नेऊन टोकाशीच छोटी मोटर बसवायची. अमेरिकेत १९६० च्या दशकात असे मोटरचे ब्रश रुळू लागले. यांचा वेग झोतावर अवलंबून नसतो, त्यामुळे दाट लोकरीतही ते काम करत राहतात आणि शोषण अबाधित राहते. पण वजन वाढते, किंमत वाढते, तारांचे सांधे बिघडू शकतात आणि नाजूक कापडाचे धागे ओढले जाण्याचा धोका असतो.

११/ म्हणून निवड घरावर ठरते. गालिचा ठोकलेल्या जिन्यावर, जिथे प्रत्येक पायरीत माती रुतते, तिथे छोटा मोटरचा ब्रश सरस. सोफ्याच्या घट्ट कापडावरचे केस, गादीवरची धूळ यांसाठी हलका हवेचा ब्रश पुरतो. सैल विणीचे किंवा रेशमी कापड असेल तर फिरता ब्रश टाळून साधे तोंड वापरणेच बरे.

१२/ महाराष्ट्रातील घर या हिशेबात बसत नव्हते. १९८२ मध्ये इलेक्ट्रोलक्सच्या भागीदारीतून युरेका फोर्ब्स ही कंपनी स्थापन झाली आणि तिचे विक्रेते दारोदार जाऊन ‘युरोक्लीन’ची प्रात्यक्षिके दाखवू लागले. इथली जमीन शहाबादी फरशीची, जिने दगडी किंवा लाकडी. त्यावर केरसुणी आणि ओले फडके पुरेसे होते. यंत्राला खरे काम उरले ते सोफा, गाद्या, पडदे यांचे. त्यामुळे गालिच्याच्या देशात दुय्यम ठरलेली जोडणीच इथे मुख्य अवजार झाली.

१३/ आणि जिथे सोफाच नव्हता तिथे? सातपुड्यातील भिल्ल-पावरा कुटुंबांची घरे बांबूच्या कुडाची, जमीन शेणाने सारवलेली. बूथची घोडागाडी लंडनच्या रस्त्यांवर फिरत होती, त्याच दशकात, १९०५ मध्ये, गाडगेबाबा घर सोडून निघाले आणि त्यांनी हाती खराटा घेतला. एकीकडे धनिकांच्या दाराशी थांबणारे यंत्र, दुसरीकडे गावाचा रस्ता स्वतः झाडणारा माणूस. स्वच्छतेचा इतिहास अवजारांचा आहे, तितकाच झाडणाऱ्या हातांचाही.

१४/ स्पँग्लरच्या यंत्रामागे झाडणाऱ्याचा कोंडलेला श्वास होता. बिलगावच्या चाकामागे विजेच्या तारा न पोहोचलेल्या पाड्यांवरचा अंधार होता. ज्यांची अडचण होती त्यांनीच दोन्ही वेळा उपाय उभा केला.

१५/ २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या फुगवट्याचे पाणी बिलगावपर्यंत चढले आणि ते केंद्र बुडाले. ज्या प्रवाहाकडून जोर उसना घेतला होता, त्याच्यावर गावाचा ताबा नव्हता. साडेतीन वर्षे पाड्यांना उजेड देणारे ते चाक पाण्याच्या अभावाने थांबले नाही. पाणी अंगावर आल्याने थांबले.