गुण पाठवावेत की झाकावेत? एका परीक्षेचा आणि लवकर उघडणाऱ्या एका दाराचा इतिहास

अमेरिकेतील नामांकित महाविद्यालयांत लवकर अर्ज करण्याची मुदत बहुधा १ नोव्हेंबरला संपते. त्या सुमारास सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यापुढे एक विलक्षण प्रश्न उभा राहतो: एसएटीचे गुण अर्जासोबत पाठवायचे की नाही? गुणवत्ता यादीवर वाढलेल्या आपल्या मनाला हा प्रश्नच चमत्कारिक वाटेल. अमेरिकेतही तो फार जुना नाही. आजचा थ्रेड त्याच्या जन्मकथेचा.

२३ जून १९२६ रोजी सुमारे ८,००० विद्यार्थ्यांनी पहिली एसएटी दिली. तिचा जनक कार्ल ब्रिगहॅम हा प्रिन्स्टनचा मानसशास्त्रज्ञ. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या बुद्धिमापन चाचण्यांवर त्याने काम केले होते आणि १९२३ च्या ग्रंथात त्या आधारे वंशावंशांच्या बुद्धीची उतरंड रचली होती. १९३० मध्ये ते निष्कर्ष त्याने स्वतःच निराधार ठरवले. परीक्षा मात्र टिकली.

ती टिकण्यामागे हार्वर्डचे अध्यक्ष जेम्स कोनंट यांचा मोठा वाटा आहे. तोवर हार्वर्डमध्ये भरणा असे तो पूर्व किनाऱ्यावरच्या महागड्या खाजगी शाळांतील मुलांचा. दूरच्या गावातला हुशार पण अनोळखी मुलगा शोधायचा कसा? कोनंट यांचे सहायक हेन्री चॉन्सी यांनी शिष्यवृत्तीसाठी एसएटी निवडली. हेच चॉन्सी १९४७ मध्ये स्थापन झालेल्या ईटीएस या परीक्षासंस्थेचे पहिले अध्यक्ष झाले. म्हणजे ज्याची शिफारस करणारे कोणी नाही, त्याची ओळख परीक्षेने करून द्यावी, अशी ही कल्पना होती. (त्या काळी हार्वर्ड महाविद्यालयात मुलींना प्रवेश नव्हता, हे विसरू नये.)

१९५० च्या दशकात दुसरे दार उघडले: ‘अर्ली डिसिजन’. विद्यार्थ्याने एकाच महाविद्यालयाला आधी अर्ज करायचा आणि निवड झाली तर तिथेच जायचे. महाविद्यालयाला निश्चिंती लाभली. पण इतर महाविद्यालयांच्या आर्थिक मदतीशी तुलना करायची सोय उरली नाही. साहजिकच हे दार सधन घरांना अधिक सोयीचे ठरले. याच विषमतेचे कारण देत हार्वर्डने २००६ मध्ये आपली लवकर प्रवेशाची योजना (ती बांधील नव्हती, तरीही) बंद करण्याचे जाहीर केले. प्रिन्स्टनही मागोमाग गेले. इतर प्रतिस्पर्धी मात्र जागचे हलले नाहीत. २०११ मध्ये दोघांनीही योजना पुन्हा सुरू केली!

दरम्यान, मेन राज्यातील बोडन महाविद्यालयाने १९६९ मध्येच प्रवेशपरीक्षा ऐच्छिक केली होती. अनेक दशके हा मार्ग मुख्यतः लहान महाविद्यालयांपुरता राहिला. २०२० मध्ये महामारीने परीक्षाकेंद्रे बंद पडली आणि बड्या विद्यापीठांनाही एका फटक्यात तोच मार्ग धरावा लागला.

खरी गोम इथे आहे. गुण ऐच्छिक झाले की ज्यांचे उत्तम, तेच पाठवतात. त्यामुळे महाविद्यालय प्रसिद्ध करते ते आकडे फुगतात. ते पाहून १६०० पैकी १४०० च्या घरात गुण मिळवणारा विद्यार्थी कचरतो आणि आपले गुण झाकतो. डार्टमथच्याच चार प्राध्यापकांनी २०२४ च्या आरंभी मांडलेल्या अभ्यासात नेमके हेच आढळले: वंचित पार्श्वभूमीच्या शेकडो अर्जदारांनी असे गुण दडवले होते, जे पाठवले असते तर त्यांची बाजू भक्कम झाली असती. प्रवेशाधिकारी गुण वाचतात ते त्या विद्यार्थ्याच्या शाळेच्या संदर्भात. साधनहीन शाळेतून आलेल्या १४०० चे वजन वेगळेच. सुशिक्षित घरांत, महागड्या सल्लागारांकडे ही गोष्ट ठाऊक असते. कोनंट यांना जो मुलगा हवा होता, नेमक्या त्यालाच ती सांगणारे कोणी नव्हते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये डार्टमथने परीक्षा पुन्हा सक्तीची केली. ब्राऊन आणि हार्वर्डनेही काही आठवड्यांत तेच केले. एमआयटीने ते २०२२ मध्येच केले होते. येलने एसएटी, एसीटी, एपी वा आयबी यांपैकी कोणतेही गुण चालतील, पण काही तरी हवेच, असे ठरवले. उलट कोलंबियाने २०२३ मध्ये ऐच्छिक धोरण कायम ठेवल्याचे जाहीर केले. त्यामुळे आता प्रत्येक महाविद्यालयाचा त्या वर्षीचा नियम आधी पाहावा लागतो; आणि लवकर अर्ज करणाऱ्यासाठी ऑक्टोबरची परीक्षा बहुधा शेवटचीच ठरते.