लय उतरली, सूर राहिला

संगीताच्या ध्वनिमुद्रणांचा मोठा संग्रह जपणारे, आज गुरुग्राम येथे असलेले ‘आर्काइव्ह्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी’ १९८२ साली स्थापन झाले. त्या काळी द्रुत तान टिपून घेण्याचा सोपा उपाय म्हणजे टेप निम्म्या वेगाने चालवणे. तान उलगडे, पण आवाज अख्खे सप्तक खाली जाई. आपला षड्ज कोठेही धरता येत असल्याने स्वरांचे परस्पर नाते टिके. तबल्याचे बोल ओळखणे मात्र कठीण होई.

सूर राखून लय बदलण्याची रीत अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या फ्लॅनागन व गोल्डन यांनी १९६६ सालीच मांडली होती. तिचे नाव फेज व्होकोडर. ध्वनीचे सूक्ष्म तुकडे करून प्रत्येकातील वारंवारता व कला मोजावयाची, हे गणित वाजता वाजता करणे जुन्या संगणकांना झेपत नसे. १९८५ मध्ये स्वस्त मार्ग पुढे आला: तरंगरूप जुळेल तेथे तुकडे एकमेकांवर चढवून जोडणे. एकट्या कंठाला तो मानवला. तंबोरा, तबला व गायक एकत्र आले की कोणाचा तरंग जुळवावा हेच ठरेना. ‘ना’चा एकच आघात दोनदा ऐकू येई. (मात्रा मोजणाऱ्याला याहून फसवा साथीदार नसावा!) पुढे वेगवान संगणकांवर फेज व्होकोडर सहज चालू लागला, तेव्हा तोच आघात दुहेरी होण्याऐवजी पसरट झाला. आघात ओळखून तेवढा न ताणणाऱ्या पद्धती त्यानंतरच्या.