मागची चाकं आणि न आवळलेला नट

आपल्या धंद्यात एक अलिखित नियम आहे: शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनवर फिक्स टाकायचा नाही. कारण साधं आहे. मूळ बग परवडला, पण घाईत केलेली दुरुस्ती सोमवारपर्यंत झोपू देत नाही. हे शहाणपण आपणच शोधून काढलं असं आपल्याला उगाच वाटतं. मोटारींच्या जगात त्याची किंमत कितीतरी आधीपासून मोजली जाते आहे, आणि ती सुद्धा अशा एका जागी जिकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. ती जागा म्हणजे गाडीचं मागचं सस्पेन्शन. तर मंडळी, या वीकेंडला त्याचाच इतिहास. सध्या निम्म्या पार्किंगमधे क्रॉसओव्हरच उभ्या दिसतात, त्यामुळे शेवटी त्यांच्यापर्यंत येऊ.

सुरुवात सोपी होती. १८०४ च्या सुमाराला इंग्लंडमधे ओबादिया इलियटने घोडागाडीला लंबगोल पाट्यांच्या स्प्रिंगा लावल्या आणि तीच कल्पना पुढे मोटारीत आली. एक सरळ दांडा, दोन्ही टोकांना चाकं, वर पोलादी पाट्यांची चळत. आपली अँबॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनी, दोन्ही मागून अशाच. बसायला कडक, पण प्रामाणिक. पाटा तुटला की गाडी एका बाजूला कलणार, खाली वाकून बघितलं की तुटलेला पाटा दिसणार. निदान करायला डोळे पुरेसे होते. दुरुस्ती म्हणजे पाटा बदलणे, आणि हे काम हायवेच्या कडेला कुठेही व्हायचं.

अडचण अशी की दोन्ही चाकं एकाच दांड्याला असल्यामुळे एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्यालाही धक्का बसतो. म्हणून प्रत्येक चाक स्वतंत्र ठेवायची कल्पना आली. इथून गोष्टीत गुंतागुंत सुरू होते (मोनोलिथ फोडून स्वतंत्र सर्व्हिसेस केल्या की जे होतं, तेच!).

१९६० सालच्या मॉडेलपासून शेव्हरोलेने अमेरिकेत कॉर्व्हेर आणली. इंजिन मागे, त्यामुळे साठ टक्क्यांहून जास्त वजन मागच्या चाकांवर. मागचं सस्पेन्शन होतं ‘स्विंग ॲक्सल’ प्रकारचं. म्हणजे अर्धा अर्धा दांडा फक्त मधल्या डिफरन्शियलपाशी हलतो आणि चाक त्या दांड्याला कायम काटकोनात. अर्धवट मिटलेल्या छत्रीच्या काड्या डोळ्यासमोर आणा. जोरात वळण घेतलं की गाडीचा मागचा भाग वर उचलला जायचा, बाहेरच्या बाजूचं चाक पोटाखाली दुमडायचं आणि टायरची पकड एकदम सुटायची. फोक्सवागेन बीटलमधेही स्विंग ॲक्सलच होते, तेव्हा ही कल्पना काही जगावेगळी नव्हती. पण कॉर्व्हेरला पुढचा अँटी-रोल बार खर्च वाचवण्यासाठी दिलाच नव्हता. त्याऐवजी काय? टायरमधली हवा! पुढे १५ पीएसआय आणि मागे २६. पुढच्या टायरांची पकड मुद्दाम कमी ठेवायची, म्हणजे मागची आधी सुटणार नाही.

विचार करा, गाडीची स्थिरता मॅन्युअलमधल्या एका ओळीवर उभी होती. पेट्रोल पंपावरचा पोऱ्या चारही चाकांत सारखीच हवा भरणार हे कुठल्याही शहाण्या माणसाला कळायला हवं होतं. बग ठाऊक आहे, फिक्स महाग आहे, म्हणून डॉक्युमेंटेशनमधे एक वर्कअराउंड टाकून मोकळं व्हायचं. ओळखीचं वाटतंय ना?

१९६४ च्या मॉडेलमधे पुढे अँटी-रोल बार आला, मागे आडवा पाटा आला. १९६५ च्या मॉडेलला मागचं सस्पेन्शन पूर्ण नव्याने दिलं. आणि नेमकं त्याच वर्षाच्या शेवटी, नोव्हेंबर १९६५ मधे, राल्फ नेडर या तरुण वकिलाचं ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक आलं. पहिलंच प्रकरण कॉर्व्हेरवर. जनरल मोटर्सने उत्तर देण्याऐवजी नेडरच्या मागे खाजगी हेर लावले. ते उघडकीला आलं आणि मार्च १९६६ मधे कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली. सप्टेंबर १९६६ मधे अमेरिकेत वाहन सुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला.

यातली गंमत पुढेच आहे. १९७२ मधे सरकारच्याच सुरक्षा संस्थेने निष्कर्ष काढला की १९६० ते ६३ ची कॉर्व्हेर त्या काळच्या तशाच इतर गाड्यांपेक्षा जास्त धोकादायक नव्हती! तोवर गाडीचं उत्पादन बंद होऊनही तीन वर्षं झाली होती. म्हणजे नेडर चुकला का? मला तसं वाटत नाही. तशाच इतर गाड्याही फारशा चांगल्या नव्हत्या, एवढाच त्या निष्कर्षाचा अर्थ. पण कायदा मात्र राहिला. दोष सापडला तर मालकाला कळवायचं हे १९६६ च्या कायद्याने आलं आणि तो फुकट दुरुस्त करून द्यायचा हे १९७४ च्या दुरुस्तीने. आज आपण ज्याला ‘रिकॉल’ म्हणतो त्याच्या जन्मकथेत पहिलंच प्रकरण मागच्या सस्पेन्शनचं आहे, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

यानंतर दोन वाटा फुटल्या. पहिली स्वस्त आणि चतुर: १९७४ ची फोक्सवागेन गोल्फ. दोन मागच्या आर्म, त्यांना जोडणारी पिळ खाणारी एक तुळई, बस्स. याला ट्विस्ट बीम म्हणतात. पार्ट कमी, जागा कमी, बिघाडही कमी. आपल्याकडच्या ब्रेझा, क्रेटा याच घराण्यातल्या. दुसरी वाट महागडी: १९८२ ची मर्सिडीज १९०. प्रत्येक मागच्या चाकाला पाच वेगवेगळ्या लिंक. चाक किती कलेल, किती आत-बाहेर वळेल, मागे-पुढे किती सरकेल, सगळं वेगवेगळं ठरवता येतं. १९९८ च्या फोर्ड फोकसने मल्टिलिंकचा हा थाट मध्यमवर्गीय हॅचबॅकमधे आणला.

या लिंका गाडीला जोडतात कशाने? रबराच्या बुशने. प्रवास शांत होतो तो त्यांच्यामुळे. पण माझ्या मते निदानाच्या इतिहासातला खरा बदल हाच आहे. पाटा तुटला की दिसायचा. बुश फाटला तर दिसत नाही, लगेच आवाजही करत नाही. तो फक्त चाकाला थोडं स्वातंत्र्य देतो. आणि मग त्रास भलतीकडेच दिसतो.

उदाहरणार्थ, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किंचित वाकडं धरावं लागतं. सगळे पुढची चाकं तपासतात. पण मागची दोन चाकं मिळून गाडीच्या मध्यरेषेशी थोडा कोन करत असतील, तर गाडी तिरकी ढकलली जाते आणि आपण ते पुढून सावरत बसतो. एररचा मेसेज एका मॉड्यूलमधे, चूक दुसऱ्याच! दुसरं उदाहरण टायरचं. चाक सरळ दिशेपेक्षा फक्त अर्धा अंश वळलेलं असेल तर हिशोबाने दर किलोमीटरला जवळजवळ नऊ मीटर आडवं घासलं जातं. दहा हजार किलोमीटरनंतर आतली कड गुळगुळीत होते, आणि ती कड आतल्या बाजूला असल्यामुळे धुताना सुद्धा दिसत नाही.

आता क्रॉसओव्हर. १९९४ मधे टोयोटाने राव्ह४ आणली, १९९५ मधे होंडाने सीआर-व्ही. दिसायला जीप, आतून कार: ट्रकसारखी वेगळी चासी नाही आणि मागची चाकं स्वतंत्र. पण उंची जास्त, वजन जास्त. त्यामुळे मागची चाकं नेमकी कुठे बघताहेत याला महत्त्व आलं, आणि ते जुळवता यावं म्हणून मागच्या आर्मची लांबी कमी-जास्त करायची सोय आली. आटे फिरवायचे, लांबी जुळली की लॉक नट आवळायचे. काम दहा मिनिटांचं.

आणि इथेच घोळ झाला. ऑगस्ट २०१२ मधे टोयोटाने अमेरिकेत सुमारे ७,७८,००० गाड्या परत बोलावल्या: २००६ ते २०११ च्या राव्ह४ आणि २०१० ची लेक्सस एचएस २५० एच. कारण काय, तर अलाइनमेंट करताना मागच्या आर्मचे नट नीट आवळले गेले नाहीत तर आट्यांमधे खेळ येतो, गंज धरतो, झीज होते आणि शेवटी आर्म सुटू शकतो. मागचं चाक मग त्याला वाटेल तिकडे वळणार, तेही धावत्या गाडीत. नीट वाचलंत का? इथे दोष गाडीच्या निम्मा आत होता आणि निम्मा गॅरेजमधे. सर्व्हिसिंग करून घेणारा काळजीवाहू मालकच धोक्यात यायचा.

पुढचा भाग तर आपल्यासाठीच लिहिल्यासारखा आहे. सप्टेंबर २०१३ मधे जवळपास त्याच सगळ्या गाड्या पुन्हा बोलावल्या गेल्या. का? तर पहिल्या रिकॉलमधली दुरुस्ती काही गाड्यांवर नीट झाली नव्हती. फिक्सचा फिक्स! कॉर्व्हेरच्या वेळी डिझाइनने ड्रायव्हरकडून अपेक्षा केली होती की हवा मोजून भर. राव्ह४ ने मेकॅनिककडून केली की नट मोजून आवळ. साधारण पन्नास वर्षांत अपेक्षा एका माणसाकडून दुसऱ्याकडे सरकली, एवढंच.

ही एकट्या टोयोटाची गोष्ट नाही. फोर्ड एक्स्प्लोरर २०११ च्या मॉडेलपासून ट्रकची चासी सोडून क्रॉसओव्हर झाली. जुलै २०२१ मधे फोर्डने २०१३ ते २०१७ च्या सुमारे ७,७५,००० एक्स्प्लोरर परत बोलावल्या. मागच्या सस्पेन्शनमधला एक बॉल जॉइंट जाम होऊन शेजारची टो लिंक मोडू शकत होती. दुखणं एका पार्टचं, मोडतो दुसराच.

आपल्याकडे २०१२ पासून रिकॉल ऐच्छिक होता. २०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीने त्याला कायद्याचा आधार मिळाला आणि १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचे नियम लागू झाले. मागून मल्टिलिंक असलेल्या गाड्या आपल्याकडेही रुळल्या आहेत: २०११ ची एक्सयूव्ही५००, २०१४ ची फोर-व्हील-ड्राइव्ह डस्टर. म्हणजे हा इतिहास आता आपल्या स्पीडब्रेकरवरून चालला आहे.

माझ्या क्रॉसओव्हरचंच सांगतो. स्पीडब्रेकर उतरताना मागून ‘टक’ असा आवाज यायचा. एका मोठ्या वर्कशॉपने गाडी जॅकवर न घेताच दोन्ही शॉकअप बदलायचं एस्टिमेट हातात दिलं. मी तसाच दुसरीकडे गेलो. तिथले काका म्हणाले, "साहेब, पार्ट नंतर मागवू. आधी आवाज कुठून येतो ते हाताला विचारू." पोऱ्याला मागून गाडी दाबायला लावली आणि स्वतः खाली झोपून एकेका लिंकेवर तळहात ठेवत गेले. तिसऱ्या मिनिटाला सापडलं: स्टॅबिलायझरच्या लिंकेचा बॉल जॉइंट ढिला. शॉकअप ठणठणीत होते.

काकांची पद्धत आणि वरचा इतिहास मिळून जो क्रम बनतो तो असा. आधी टायर: हवा मोजा, आतल्या कडेवरून हात फिरवा, खालीवर लाटा लागल्या तर शॉकअपवर संशय, एकच कड गुळगुळीत असेल तर चाकाच्या दिशेवर. मग गाडी दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबली तर ठीक, डोलत राहिली तर शॉकअप संपले. मग जॅक आणि खाली पक्के स्टँड (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच जायचं नाही). चाक वर-खाली आणि डावं-उजवं हलवून खेळ बघा. छोट्या पहारीने प्रत्येक बुश रेटून बघा. अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, कारण ढिल्या बुशवर केलेलं अलाइनमेंट म्हणजे वाळूवर मारलेली खूण. ट्विस्ट बीमच्या बहुतेक गाड्यांत मागे जुळवायला काही नसतंच. तिथे आकडे चुकले तर काहीतरी वाकलं आहे किंवा बुश गेला आहे.

आणि एक गोष्ट जी बऱ्याच ठिकाणी टाळली जाते. बुशचे बोल्ट चाकं हवेत लोंबकळत असताना पूर्ण आवळायचे नाहीत. गाडीचं वजन चाकांवर आलं की मगच. नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवा बुश लवकर फाटतो. म्हणजे पुन्हा तेच, दुरुस्तीनेच केलेला बिघाड.

तेव्हा पुढच्या वेळी गाडी अलाइनमेंटला टाकाल तेव्हा तीन गोष्टी मागा: मागच्या चाकांचे आधीचे आणि नंतरचे आकडे छापून, लॉक नट टॉर्क रेंचने आवळलेले आपल्या डोळ्यांदेखत, आणि गाडीच्या नंबरवर एखादा रिकॉल बाकी आहे का याचं उत्तर. मेकॅनिक जरा वैतागेल. वैतागू दे. कोड रिव्ह्यूला आपण तरी कुठे खूष असतो :)