रबराची एक चकती, मुल्कोवालची १९ माणसं आणि आपली एमआयडीसी

पोस्ट मोठी आहे, पण अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीत घरातलं कोणी कामाला असेल तर शेवटपर्यंत वाचा.

परवा बदलापूरला आमच्या ओळखीच्या एका काकांकडे बसलो होतो. सगळी हयात औषध कंपन्यांमध्ये कॉन्ट्रॅक्टवर फिटर म्हणून गेली. बोलता बोलता त्यांनी कपाटातून तळहाताएवढी काळी रबराची चकती काढली. मधोमध दाबाचा खोल वळ आणि वळाच्या टोकाला केसाएवढी चीर. म्हणाले, "पत्रकार, ह्या चिरेनं माझी नोकरी खाल्ली."

ती चकती म्हणजे डायफ्रॅम. त्याची गोष्ट आधी सांगतो, काकांची नंतर.

साध्या व्हॉल्व्हमध्ये दांडा, म्हणजे स्पिंडल, थेट आतल्या द्रवापर्यंत जातो. दांड्याभोवती पॅकिंग भरलेलं असतं. ते झिजलं की गळती सुरू होते. दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींत कॉम्प्रेस्ड हवा अशीच व्हॉल्व्हमधून वाया जायची. १९२८ च्या सुमारास पी. के. साँडर्स नावाच्या खाण इंजिनिअरने त्यावर उपाय काढला. दांडा आणि द्रव यांच्यामध्ये रबराचा पडदाच घातला. हँडल फिरवलं की पडदा खालच्या उंचवट्यावर दाबला जातो आणि वाट बंद होते. दांडा पडद्याच्या वर कोरडाच राहतो.

खाणीतली ही युक्ती पुढे औषध कारखान्यांना फारच उपयोगी पडली. कारण बॉल व्हॉल्व्हमध्ये बॉलच्या मागे पोकळी राहते, तिथे द्रव साचतो आणि साचलं की जंतू वाढतात. डायफ्रॅम व्हॉल्व्हमध्ये तशी जागा फार कमी. योग्य कोनात तिरका बसवला तर पाणी ठिबकून पूर्ण निघून जातं आणि १२१ अंशाच्या वाफेने पाइप न खोलता आतून निर्जंतुक करता येतो.

पण एवढा आटापिटा कशासाठी? त्यासाठी परळला जावं लागेल.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस तयार केली आणि पहिली स्वतःला टोचून घेतली. १८९९ पासून परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये लस मोठ्या प्रमाणावर बनू लागली. मग ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ लोकांना पाच बाटल्यांमधून लस टोचली. त्यातल्या ५३-एन या एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला. १९ च्या १९ दगावले.

बाटली भरली होती परळला, ४१ दिवस आधी. चौकशी आयोगाने ठपका परळवर ठेवला. लसीत कार्बोलिक ॲसिड घालायचं बंद करून नुसत्या उष्णतेवर भरवसा ठेवला, हाही आक्षेप होता. हाफकिन यांचं पद गेलं. पण गावात बाटली उघडताना कंपाउंडरच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच बुचाला लावला, ही गोष्ट साक्षीत आली होती. शिवाय उघडताना बाटलीला घाण वास नव्हता. ४१ दिवस धनुर्वाताचे जंतू आत असते तर वास आलाच असता, असं तज्ज्ञांचं म्हणणं. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ हाफकिन यांच्या बाजूने जाहीर उभे राहिले आणि १९०७ साली ते निर्दोष ठरले. १९२५ ला परळच्या त्या संस्थेला त्यांचंच नाव दिलं.

म्हणजे बघा, दोष आधी मोठ्या साहेबांवर आणि मग कंपाउंडरच्या चिमट्यावर. चिमटा पडला कधी, पुसला कसा, हे सगळं लोकांच्या आठवणीवर. त्या वादात पाच वर्षं गेली.

पुढे १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची मदत होती. दुसऱ्याच वर्षी पेनिसिलीन निघू लागलं. पेनिसिलीनची बुरशी मोठ्या टाकीत वाढवतात. त्यात बाहेरचा एखादा जंतू शिरला तर तो तयार झालेलं पेनिसिलीनच खाऊन टाकू शकतो. टाकीच्या टाकी गटारात. म्हणून अशा कारखान्यात प्रत्येक व्हॉल्व्ह हा दरवाजा, आणि दरवाजा कोणी नीट लावला हे महत्त्वाचं.

परदेशातही वेगळं नाही. १९७२ साली इंग्लंडमध्ये डेव्हनपोर्टच्या हॉस्पिटलमध्ये दूषित सलाइनमुळे पाच पेशंट गेले. निर्जंतुक करताना यंत्राच्या तळाला हवा अडकली आणि खालच्या बाटल्या पुरेशा तापल्याच नाहीत. तापमानाची नोंद कमी दाखवत होती, पण यंत्रच बिघडलं असेल असं समजून काम पुढे गेलं.

आता काकांकडे येतो. ते म्हणतात, डायफ्रॅम वाफेच्या प्रत्येक फेरीला थोडा थोडा मरतो. रबर कडक होतं, वळ पक्का बसतो, मग चीर जाते. बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून फाटायची वाट बघायची नसते, ठरलेल्या फेऱ्या झाल्या की बदलायचा. बोल्ट समोरासमोरचे, आळीपाळीने, टॉर्क रेंचने आवळायचे. पहिली वाफ देऊन व्हॉल्व्ह गार झाला की पुन्हा तपासायचे. जास्त आवळला तरी चिरतो, कमी आवळला तरी गळतो. आणि चकती प्रमाणपत्र, बॅच नंबर असलेलीच हवी. आपल्या उल्हासनगरात कुठल्याही वस्तूची हुबेहूब नक्कल मिळते, पण ही नक्कल कोणाच्या तरी शिरेत जाते.

काकांच्या कंपनीत (नाव घेत नाही) डायफ्रॅमची मुदत संपली होती. स्टोअरला माल नव्हता. काकांनी सुपरवायझरला तोंडी सांगितलं. उत्तर आलं, "ही बॅच जाऊ दे, मग बघू." बॅच निर्जंतुकतेच्या चाचणीत फेल झाली. नशीब, चाचणीतच अडकली. व्हॉल्व्ह खोलला, चीर सापडली. सुपरवायझर म्हणाला, "तू मला सांगितलंच नव्हतंस." लिहिलेलं काहीच नव्हतं. पुढच्या महिन्यात काकांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं.

आज हे लिहायचं कारण असं. केंद्र सरकारने २०२३ च्या डिसेंबरअखेर औषध कारखान्यांसाठी सुधारित शेड्यूल एम आणलं. छोट्या-मध्यम कारखान्यांना त्यासाठी ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढीव मुदत होती. नवे नियम नोंदींवर जोर देतात. मालक म्हणतात खर्च वाढतो, आणि छोट्या युनिटला तो जड जातो हेही खरं. पण ती वही साहेबासाठी आहे तशीच फिटरसाठीही आहे. मुल्कोवालच्या कंपाउंडरकडे ती नव्हती, काकांकडेही नव्हती.

म्हणून अंबरनाथच्या आनंदनगरला, बदलापूरच्या मानकिवलीला सकाळच्या शिफ्टला जाणाऱ्या माझ्या पोरांनो, पार्ट बदलायचा राहिला तर तोंडी सांगून थांबू नका. तारीख, वेळ, व्हॉल्व्हचा नंबर लिहा आणि समोरच्याची सही घ्या. सही देत नसेल तर "सही दिली नाही" हेही लिहा.

काकांनी चकती पुन्हा कपाटात ठेवली. मी विचारलं, एवढी वर्षं कशाला जपून ठेवलीत? म्हणाले, "तेवढाच पुरावा आहे रे माझ्याकडे."

तुमच्या कंपनीत अशी वही फिटरच्या हातात असते का? कमेंटमध्ये सांगा. कंपनीचं नाव लिहू नका, अनुभव लिहा.