६६ डॉलरचा प्रिंटर आणि स्कायव्होलाची जमीन

आता सिंगापूरचा खटला घ्या. जानेवारी २००३. एका ऑनलाइन दुकानात ३,८५४ डॉलरच्या लेझर प्रिंटरची किंमत चुकून ६६ डॉलर पडली. सहा जणांनी मिळून रातोरात १,६०६ प्रिंटर मागवले. दुकानाने नकार दिला, तेव्हा ते कोर्टात गेले. २००४ मध्ये हरले, २००५ मध्ये अपिलातही हरले. कोर्टाचं म्हणणं एवढंच, की किंमत चुकली आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, म्हणून हा करार टिकत नाही.

बघा, अजाणता एक प्रिंटर घेणाऱ्याला आपण दोष देणार नाही. पण सोळाशे? तो आकडाच साक्ष देतो.

प्रश्न मात्र इंटरनेटहून फार जुना आहे. सिसरोने इसवीसनपूर्व ४४ मध्ये मुलासाठी कर्तव्यांवर ग्रंथ लिहिला, त्यात स्कायव्होलाची हकीकत आहे. जमीन घेताना मालकाने सांगितलेली किंमत त्याला कमी वाटली, म्हणून त्याने आपणहून एक लाख सेस्टर्स जास्त दिले. लोक म्हणत, माणूस चांगला, पण शहाणा नव्हे. सिसरोला खटकतं ते हेच: चांगुलपण आणि शहाणपण आपण वेगळं का काढतो?

कायदा विचारतो, चूक ठाऊक होती का? स्कायव्होला पुढचं विचारतो: ठाऊक होती, तर बोलला का नाहीत?