कैद्याचे स्थलांतर आणि न्यायाधीशाची आज्ञा

१६६१ सालच्या डिसेंबरअखेर लंडनच्या 'टॉवर' किल्ल्यात जेम्स हॅरिंग्टन नावाच्या ग्रंथकारास कैद करण्यात आले. राज्यपद्धतीवरील 'ओशिआना' हा त्याचा ग्रंथ १६५६ साली, इंग्लंडात राजा नसताना, प्रसिद्ध झाला होता. राजा परत गादीवर आल्यावर अशा लेखकाचा दरबारास संशय यावा यात नवल नव्हते. खटला मात्र चालेना. तेव्हा त्याच्या भगिनींनी खटपट करून 'हेबियस कॉर्पस'चा हुकूम मिळविला. कैद्यास देहानिशी न्यायाधीशापुढे उभे करून अटकेचे कारण सांगावे, एवढाच या हुकुमाचा अर्थ. परंतु हॅरिंग्टनला घाईघाईने प्लिमथजवळच्या सेंट निकोलस बेटावर नेण्यात आले. हुकूम कागदावर राहिला आणि कैदी समुद्रापलीकडे गेला! तेथे त्याची प्रकृती आणि बुद्धी दोन्ही ढासळली. १६७७ साली तो निवर्तला.

ही युक्ती एकट्या हॅरिंग्टनपुरती नव्हती. १६६७ साली लॉर्ड क्लॅरंडन या प्रधानावर जे आरोप ठेवण्यात आले, त्यांत प्रजाजनांना दूरच्या बेटांत व किल्ल्यांत डांबून कायद्याच्या लाभास मुकविले, हाही एक होता. क्लॅरंडन फ्रान्सला पळाला. पण कायदा व्हावयास आणखी बारा वर्षे लागली.

१६७९ च्या मे महिन्यात तो झाला. लॉर्डांच्या सभेतील एका मतदानात गणना करणाराने एका स्थूल लॉर्डास थट्टेने दहा मोजले, अशी कथा बिशप बर्नेटने लिहून ठेवली आहे. खरेखोटे कोण सांगणार? मात्र नोंदीत ५७ विरुद्ध ५५ अशी मते आहेत आणि हजर सभासद १०७ च दिसतात. असो.

या कायद्याने कैद्यास एका अधिकाऱ्याच्या ताब्यातून दुसऱ्याच्या ताब्यात कायदेशीर हुकुमावाचून देण्यास मनाई केली. त्याच परगण्यात खटल्यासाठी नेणे, आग, साथ किंवा तशीच निकड, असे थोडे अपवाद ठेवले. बेकायदा हलविण्याच्या हुकुमावर सही करणारास पहिल्या खेपेस १०० पौंड, दुसऱ्या खेपेस २०० पौंड भुर्दंड आणि अधिकारपदाची अपात्रता. इंग्लंडच्या रहिवाशास स्कॉटलंड, आयर्लंड, जर्सी, गर्न्सी, टँजिअर येथे बंदी करून धाडल्यास भरपाई निदान ५०० पौंडांची. आणि त्या अपराधास राजाचीही क्षमा नाही! कलम लिहिणारांना दरबाराची नीट ओळख होती.

यांतील टँजिअर हे ठाणे पोर्तुगालच्या राजकन्येच्या आंदणात इंग्लंडच्या राजास मिळालेले. त्याच आंदणात मुंबई बेटही होते. आणि हाच प्रश्न सुमारे सव्वातीनशे वर्षांनी मुंबईतच उभा राहिला. २००८ च्या जूनमध्ये आर्थर रोडच्या तुरुंगातून काही कच्च्या कैद्यांस राज्यातील इतर तुरुंगांत हलविण्यात आले. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९०० सालच्या कैदीविषयक कायद्याखाली तुरुंगखात्यास तसा अधिकार आहे, ही सरकारची बाजू होती. नोव्हेंबर २०१२ मध्ये निकाल झाला तो असा की, कच्चा कैदी न्यायालयाच्या वॉरंटाने तुरुंगात असतो, म्हणून त्याचे स्थलांतरही त्या न्यायालयाच्या परवानगीनेच व्हावे. दूर गेलेल्या कैद्यास वकील व आप्त भेटणे कठीण होते, बचावाची तयारी खुंटते. यास्तव परवानगी हा केवळ कारकुनी शिक्का नसून न्यायिक निर्णय होय, आणि तो देण्यापूर्वी कैद्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे.